तिजोरीतील शिल्लक कोणाची?

कर हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळास आठी पडते. शुभवर्तमानाच्या काळी जकातदाराकडे लोक ज्या नजरेने पाहत, ती नजर आपल्या गावांतून अद्याप गेलेली नाही. तथापि कर द्यावा की न द्यावा हा आमचा आजचा प्रश्न नव्हे. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच, की सर्व खर्च भागून सरकारच्या तिजोरीत जी शिल्लक उरते, ती न्यायाने कोणाची?

कोणी म्हणेल, ह्यात विचारावयाचे ते काय? शिल्लक टाकणे हे तर शहाण्या कारभाऱ्याचे लक्षण. घरधन्याच्या बाबतीत हे खरेच आहे. परंतु घरधनी शिल्लक टाकतो ती स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन. सरकार शिल्लक टाकते ती दुसऱ्याच्या पोटास चिमटा घेऊन. हा भेद नजरेआड झाला म्हणजे काय होते, हे पाहण्यास १९०२ सालाकडे वळावे लागते.

त्या वर्षी मार्च महिन्यात कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थमंत्र्यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक जाहीर केली. राज्यकर्त्यांस ती देशाच्या भरभराटीची खूण वाटली. तेव्हा नामदार गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि त्यांनी नेमके उलट सांगितले. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागून १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, आणि वर प्लेग. अशा काळात तिजोरी भरते ती देश सुखी आहे म्हणून नव्हे, तर गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो म्हणून, असा त्यांचा मुद्दा होता. रुपयाचा भाव घसरत असता इंग्लंडात करावयाच्या भरण्यास अधिक रुपये लागत, आणि त्या काळात कर वाढविले गेले. पुढे १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या, रुपयाचा भाव चढला, भरण्यास कमी रुपये पुरू लागले. पण वाढविलेले कर मात्र जागच्या जागी राहिले. अडचण गेली आणि अडचणीची पट्टी राहिली, असे झाले.

त्यांतला सर्वांत जाचक कर मिठावरचा. १८८८ साली तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस; म्हणजे शेरभर मिठामागे एक आणा केवळ कराचा! जहागीरदाराच्या ताटातील मिठासही तोच आणा आणि उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराच्या भाकरीवरील मिठासही तोच. वास्तविक घाम गाळणाऱ्यास मीठ अधिक लागते. गोखल्यांच्या मागणीनंतर १९०३ साली हा कर दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला, आणि मिठाचा खप वाढला. ह्याचा अर्थ असा, की त्यापूर्वी कित्येक घरांत मीठ हात आखडून घातले जात होते. सात कोटींच्या शिल्लकेत तो आखडलेला हातही जमा धरलेला होता.

शिल्लक परत करता येत नसेल, तर ती ज्यांच्यापासून आली त्यांच्यावर खर्च व्हावी, हा दुसरा न्याय. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि रयतेच्या मुलांस साधी शाळा नाही. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले.

असो. मिठावरील कर १९४७ साली गेला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मीठ त्यातून मोकळे राहिले. परंतु साबणाच्या वडीत व चपलेच्या जोडात कर मिसळलेलाच असतो, आणि तो भूमिहीन मजूरही देतो. ‘आम्ही कोठे कर भरतो?’ असे जे आपले बांधव म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिजोरीत त्यांचाही वाटा आहे, म्हणून तिजोरीस जाब विचारण्याचा त्यांसही अधिकार आहे.

येथे आम्हांस आपलाच एक दोष कबूल केला पाहिजे. छपराचे पत्रे घेतेवेळी दुकानदाराने विचारले, ‘पावतीसह की पावतीवाचून?’ आम्ही पावतीवाचून घेतले, आणि सरकार तरी पैशाचे काय सोने करते, असे मनास समजाविले. पुढे विचार करता ते समाधान टिकले नाही. आम्ही वाचविलेला पैसा सरकारच्या पदरचा नव्हता; जो साबण पावतीवाचून स्वस्त मागू शकत नाही, त्या मजुराच्या डोक्यावर आम्ही आपला वाटा ठेवला होता. खर्च वाईट होतो ही तक्रार खरी असेल, पण ती मांडण्याची जागा दुकान नव्हे, ग्रामसभा होय.

आणि ग्रामसभेची गोष्ट काय सांगावी! आमच्या गावी जमाखर्च वाचला गेला त्या सकाळी आम्ही शेतावर होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, सगळे आकडे वाचून झाले. ऐकण्यास अकरा माणसे होती. एका म्हातारीने मात्र विचारले, पाणीपट्टी वर्षाची घेता, मग नळास पाणी आठच महिने का? उत्तर पुढल्या सभेत मिळेल असे तिला सांगण्यात आले. ती सभा येत्या महिन्यात आहे.