शेजारणीचा उपास

अमेरिकेतलं एखादं विद्यापीठ जाहीर करतं, "आम्ही कार्बन न्यूट्रल झालो." म्हणजे नेमकं काय झालं? वसतिगृहातलं गरम पाणी थांबलं नाही, प्रयोगशाळांची वीज बंद झाली नाही, प्राध्यापकांचे परिषदांना जाण्याचे विमानप्रवासही चालूच राहिले. धूर थोडा कमी झाला असेल, पण उरलेला अजून जातोच आहे. वहीत मात्र खर्चाच्या बाजूला जेवढा आकडा उरला होता तेवढाच जमेच्या बाजूला आणून शिल्लक शून्य दाखवली आहे. आपण बायका घरखर्च लिहितो, त्यामुळे जमेच्या बाजूला नेमकं काय मांडलंय हे आधी बघायची आपल्याला खोडच असते. मलाही ती आहे, म्हणून मी बघितलं.

वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीचं उदाहरण घेते. 2020 पर्यंत शून्यावर यायचं असं तिनं 2010 साली ठरवलं होतं आणि दोन वर्षं आधीच, 2018 मध्ये, ते गाठल्याचं सांगितलं. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं विद्यापीठ. त्यांनी पुष्कळ खरं काम केलं हे आधी सांगते, नाहीतर अन्याय होईल. इमारती सुधारल्या, छपरांवर सौर पॅनेल बसवली, नॉर्थ कॅरोलिनातल्या सौर प्रकल्पातून वीज घेतली. पण विद्यार्थी शिकायला परदेशी जातात, त्या विमानाच्या धुराला काय करणार? तो धूर पॅनेल लावून जात नाही. मग त्यासाठी 'ऑफसेट' विकत घ्यायचे. ऑफसेट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कुठंतरी धूर कमी केला त्याची पावती. त्या पावत्यांमध्ये केनियातल्या बायकांना सुधारित चुली देण्याचा एक प्रकल्प होता.

इथं मी थांबले. विमानात बसलेला एक विद्यार्थी आणि चुलीपुढं बसलेली एक बाई, दोघांच्या मध्ये एक पावती. तिच्या चुलीला लाकूड कमी लागलं म्हणून याचा प्रवास धुतल्या तांदळासारखा. माझ्या आत्तीच्या भाषेत सांगायचं तर उपास शेजारणीनं धरायचा आणि पारणं आपण सोडायचं.

आता कुणी म्हणेल, यात वाईट काय? शेजारणीला नवी चूल मिळाली ना? मिळाली, आणि ती गोष्ट लहान नाही. घरातल्या चुलीच्या धुरानं जगात 2020 या एका वर्षात सुमारे 32 लाख माणसं गेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त धुरात बसलेली. फुंकणी फुंकून डोळे लाल झालेल्या आज्या आपण पाहिल्यात. त्यामुळं कुणी चूल देत असेल तर मी त्याचा हात धरणार नाही.

माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. चूल दिली, ठीक. ती दिल्यावर आपल्या वहीतून वजाबाकी केली, ते का? आपण कुणाला अन्नदान केलं तर आपल्या घरी त्या दिवशी किती शिजलं याचा हिशोब बदलत नाही. दान आणि खरेदी यांत हाच फरक. दान दिल्यावर हात रिकामा होतो. खरेदीत पैसे देऊन काहीतरी हातात येतं, आणि इथं हातात येतो तो आणखी एकदा विमानात बसायचा परवाना. शिवाय ती बाई गरीब आहे म्हणून तिचा धूर स्वस्तात कमी होतो, म्हणूनच तो विकत घ्यायला परवडतो. तिची गरिबी हाच या बाजारातला माल आहे. तिनं उद्या गॅस घेतला, फ्रीज घेतला, एकदा विमानात बसायचं ठरवलं, तर तिनं कुणाची पावती घ्यायची?

यातला व्यवहाराचा भागही तपासायला हवा, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. 'धूर कमी झाला' हे ठरवतात कसं? चूल दिली नसती तर किती लाकूड जळलं असतं याचा अंदाज करायचा आणि त्यातून आता जळतं ते वजा करायचं. जे घडलंच नाही ते मोजायचं! त्यात धरून चालायचं की बाई रोज नवीच चूल वापरते आणि जुनी तिनं मोडून टाकली. जुनी चूल कोण मोडतं हो? गॅस आला तरी आपल्याकडं परसात चूल राहिलीच. अंघोळीचं पाणी तिच्यावर, भाकरी तिच्यावर, लग्नकार्याचं मोठं पातेलं तिच्यावर. सरकारची उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला बलियात सुरू झाली, कोट्यवधी घरांत सिलिंडर गेला, तरी पुष्कळ घरांत तो पुरवून पुरवून वापरतात आणि शेजारी लाकूड जळतंच. पैसे नसतात, दुसरं काय. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी 2024 च्या जानेवारीत अशा चुलींच्या पावत्या तपासून छापल्या. त्यांनी घेतलेल्या नमुन्यात जेवढी खरी बचत झाली असावी तिच्या नऊ पटींहून जास्त पावत्या फाडल्या गेल्या होत्या. जिथं इंधन प्रत्यक्ष मोजलं जात होतं तिथं हा फुगवटा बराच कमी निघाला. वॉशिंग्टनच्या विद्यापीठानं घेतलेल्या पावत्या त्यात होत्या असं मी म्हणत नाही. पण अंदाजाला माप म्हटलं की काय होतं ते त्यातून दिसतं.

विद्यापीठं आपला धूर तीन खणांत लिहितात. स्वतःच्या आवारात गॅस-तेल जाळलं तो पहिला खण, बाहेरून वीज विकत घेतली तिच्यामागचा धूर दुसरा, आणि प्रवास, विकत आणलेला माल, मेसमधलं जेवण, कचरा असं बाकी सगळं तिसरा. हे वाचताना मला आपलं कृत, कारित, अनुमोदित आठवलं. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, दुसरा करत होता त्याला मान डोलावली. जोडी तंतोतंत जुळत नाही, ओढूनताणून जुळवूही नये. पण पाप आपल्या हातानं केलं नाही म्हणून ते आपलं नव्हे, ही पळवाट दोन्हीकडं बंद केलेली आहे. फरक एकच, आपल्या जुन्या हिशोबात चौथा खण नाही. 'दुसऱ्याकडून निर्जरा करवून घेतली' असं लिहायला तिथं जागाच ठेवलेली नाही.

मग करायचं काय, चुलीतच घालायचं का हे सगळं? नाही. खरं काम कसं दिसतं तेही बघा, कारण ते बघून मला बरं वाटलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात पूर्वी नैसर्गिक वायू जाळून वीज आणि वाफ करायचे, ती वाफ नळांतून इमारतींना गरम ठेवायला जायची. दुसरीकडं प्रयोगशाळा, संगणकखोल्या, दवाखाना थंड ठेवावे लागत, आणि तिथून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून आकाशात सोडून देत. म्हणजे एका हातानं ऊब फेकायची आणि दुसऱ्या हातानं ऊब विकत घ्यायची. वर्षभराचे आकडे तासातासानं मांडले तेव्हा लक्षात आलं की दोन्ही गरजा बराच काळ एकाच वेळी असतात. मग त्यांनी वाफेचे नळ काढून मैलोगणती गरम पाण्याचे नळ घातले आणि थंड करताना निघणारी ऊब पकडून गरम करायला वापरली. 2015 मध्ये हे सुरू झालं. खर्च 48 कोटी डॉलरच्या वर. त्यातून आणि सौर विजेतून मिळून विद्यापीठाचा धूर दोन-तृतीयांशाच्या आसपास खाली आला.

वाचता वाचता मी मनात म्हटलं, अगं हा तर वैल! आपल्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असायचा, पुढं भाकरी चालली की मागं वैलावर आमटी उकळायची, वेगळं लाकूड नाही. आजीला त्यासाठी डॉलर लागले नव्हते, हे खरं. पण तिला एकच चूल होती, त्यांना शेकडो इमारती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्टही सांगण्यासारखी. त्याची दहा आवारं. 2025 पर्यंत शून्यावर येऊ असं त्यांनी 2013 मध्ये जाहीर केलं. त्यांचा पहिल्या खणातला धूर मुख्यतः आवारातल्या गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा, ती केंद्रं बदलायला वेळ आणि प्रचंड पैसा लागणार. पावत्या विकत घेतल्या असत्या तर 2025 ला पेढे वाटता आले असते. मुदत संपायच्या आतच त्यांनी धोरण बदललं. पावत्यांवरचा भर काढला आणि 2045 पर्यंत प्रत्यक्ष धूरच किमान 90 टक्के कमी करायचा असं ठरवलं. कुणी म्हणेल, वीस वर्षं पुढं ढकललं. त्या टीकेत तथ्य आहे, वीस वर्षं गॅस जळणारच आहे. तरीही मला शून्य न लिहिण्याचा प्रामाणिकपणा जास्त आवडला. आपल्याकडं काही कॉलेजांत दर 5 जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप लावतात, फोटोत फक्त पाहुणे बदलतात. तिथं कुणीतरी 'गेल्या वर्षीचं मेलं' असं फलकावर लिहिलं तर मी त्या प्राचार्यांना शाल घालीन.

माझी भाची अमेरिकेत एका विद्यापीठात संशोधन करते. दर दोन वर्षांनी बेळगावला येते. जाऊन-येऊन तिच्या वाट्याचा धूर सुमारे दोन टन, म्हणजे एका भारतीय माणसाचं वर्षभराचं सरासरी माप. तिकीट काढताना पडद्यावर एक चौकोन येतो, इतके डॉलर भरा आणि प्रवास निर्मळ करा. तिनं मला विचारलं, "मावशी, टिचकी मारू का?" मी म्हटलं, पैसे द्यायचेत तर कुणाला चूल घेऊन दे, पण दोन टन ते दोन टनच लिही. आणि ये. तुझी आई वाट बघते, तेही कुठल्या खणात बसत नाही. धूर झाला हे माहीत असून येणं आणि झालाच नाही असं समजून येणं यांत काय फरक पडतो, हवेला तर सारखंच, असं ती म्हणाली. मी म्हटलं, हवेला सारखंच, पण पुढच्या वर्षी मैत्रिणीच्या लग्नाला चार दिवसांसाठी उडायचं का, हे ठरवताना तुला फरक पडेल.

मग तिनंच तिच्या प्रयोगशाळेचं सांगितलं. तिथं उणे 80 अंशांचे फ्रीजर आहेत. असा एक जुना फ्रीजर दिवसाला वीसेक युनिट वीज खातो, आपल्याकडच्या साध्या घराला तेवढी काही दिवस पुरते. पुष्कळ नमुने उणे 70 वरही चांगले राहतात आणि दहा अंशांनी वीज साधारण तीस टक्के वाचते. कोलोरॅडोच्या बोल्डर विद्यापीठात हे कितीतरी वर्षांपूर्वी सुरू झालं. भाचीनं सरांकडून परवानगी काढली. त्याहून अवघड काम आतलं निघालं. खण उघडले तर बर्फात गाडलेल्या शेकडो कुप्या, अर्ध्यांवर नाव नाही, बाकीच्या कधीच शिकून गेलेल्या मुलामुलींच्या. सगळं नीट लावलं तर तीन फ्रीजरांतला एक बंद करता येईल असा तिचा हिशोब. तिनं जुन्या पत्त्यांवर पत्रं पाठवली, तुमचं सामान टाकू का म्हणून. आतापर्यंत चार उत्तरं आली आहेत. तिघांनी लिहिलंय, टाक. चौथी बाई बारा वर्षांपूर्वी ते विद्यापीठ सोडून गेली आहे. तिनं लिहिलंय, राहू दे, कधीतरी लागेल.