दिंडीतली जागा आणि एस्टीतली जागा

वारकऱ्याने एकट्याने प्रवास करावा काय? प्रश्न साधा दिसतो. पुष्कळजण चटकन उत्तर देतात की, देव सोबत असता एकटा कोण? उत्तर खरे आहे. पण ते देताना आपण बहुधा दिंडीत उभे असतो, पुढे पताका, मागे वीणेकरी, दोन्ही अंगांस टाळकरी. तिथे ते सोपे जाते. खरी परीक्षा एस्टीत होते, असे मला गेल्या मार्गशीर्षापासून वाटू लागले आहे.

आम्ही नागभीडकर. आमचा मुलूख झाडीपट्टीचा, धानाच्या बांध्यांचा. मनात बरीच वर्षे होते की, एकवार प्राणहिता-गोदावरीच्या संगमी स्नान करावे. वैनगंगा ब्रह्मपुरी तालुक्याच्या कडेने वाहत जाते, चपराळ्यापाशी तिला वर्धा मिळते आणि तिथून दोघींचे नाव प्राणहिता होते. पैठणास नाथमहाराजांच्या गावाशी जी गोदामाई वाहते, तीच सिरोंच्याच्या खाली येऊन हिला भेटते. पलीकडे तेलंगणात काळेश्वर, तिथे एकाच पीठावर दोन लिंगे आहेत. म्हणजे घरचे पाणी पुढे कोठे जाते तेवढे पाहायचे. सोबत मिळेना. कोणाचे धान मळायचे राहिले होते, कोणाची सून बाळंतीण. शेवटी एकटाच निघालो.

पहाटे नागभीड सोडले. ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल, आरमोरी, मग गडचिरोली. इथे गाडी बदलायची. पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि शेवटी सिरोंचा. १९८२ पर्यंत हा सगळा आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता, पण आष्टीच्या पुढे साग दाटू लागला आणि कानांवर माडिया, तेलुगू पडू लागली की, आपण घरापासून दूर आलो हे कळते.

गडचिरोलीच्या स्टँडवर गाडी लागली तशी झुंबड उडाली. मी खिडकीतून रुमाल टाकला. ही रीत वाचकांना सांगायला नको. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कोठे लिहिलेला नाही, पण त्याच्याइतका पाळला जाणारा कायदा मी दुसरा पाहिला नाही. दार धरून चढलो, रुमालावर बसलो, माळ काढली आणि नामस्मरण सुरू केले. मन अगदी प्रसन्न होते.

आष्टीला एक म्हातारी चढली. डोक्यावर गाठोडे, पाय अनवाणी. जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "सरका जी मागं," आणि ती सरकत माझ्या बाकाशी येऊन दांडी धरून उभी राहिली. तिने तिकीट घेतले ते अर्धे. २०२३ पासून बायाबापड्यांना एस्टीत अर्धे तिकीट झाले, चांगलेच झाले. माझेही वय पासष्टीच्या पुढचे, म्हणून माझेही अर्धेच होते. दोन अर्ध्या तिकिटांची मिळून एक जागा होत असेल तर हिशेब सरळ होता. पण तो हिशेब तेव्हा सुचला नाही, आज लिहिताना सुचतो.

सुचले ते वेगळेच. मी मनाशी म्हटले, बाक काही स्त्रियांसाठी राखलेला नाही. माझे गुडघे धरलेले आहेत. शेजारचा माणूस माझ्याहून तरुण आहे, त्याने उठावे. आणि मुख्य म्हणजे ती काही म्हणालीच नाही. म्हणाली असती तर मी नक्की उठलो असतो. एवढे समाधान करून घेऊन मी डोळे मिटले आणि माळ पुढे चालवली. त्या माळेचे काय झाले असेल ते ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक.

आलापल्लीला चहासाठी गाडी थांबली. जेवढे उतरले त्याहून अधिक लोक चढायला उभे होते, त्यांनी खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या टाकल्या. मीही जागेवर रुमाल पसरून खाली गेलो. परत येऊन पाहतो तो गाडी अजून अर्धी रिकामी, आणि ती म्हातारी माझ्या रिकाम्या जागेशेजारी खाली, गाठोड्याला टेकून बसलेली. बाक मोकळा होता. तिने फक्त रुमाल पाहिला होता.

माझ्या रुमालाला तिने मान दिला. मी तिच्या पायांना दिला नाही. आणि पाय म्हणजे काय, हे वारकऱ्याला कोणी सांगावे? वारीत लहानथोर न पाहता आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. मग तेच पाय आष्टीहून उभे असता मला दिसले का नाहीत?

मी "बसा माय" म्हटले. तिला मराठी कळली नसावी, किंवा कळूनही खरे वाटले नसावे. तिने मान हलवली. मी हाताने खूण केली, तेव्हा ती हसली आणि गाठोडे जवळ ओढून तशीच बसून राहिली. जिमलगट्ट्याला उतरून गेली.

नाथमहाराजांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. काशीची कावड रामेश्वराला चालली होती आणि ते पाणी वाटेत तहानेल्या गाढवाच्या मुखी गेले. कीर्तनात ही गोष्ट आपण भूतदयेसाठी सांगतो. त्या दिवशी मला तीत दुसरेच दिसले. गाढवाने पाणी मागितले नव्हते. त्याला मागताच येत नव्हते. मागितल्यावर देणे हा व्यवहार झाला, तो बाजारातही चालतो. (त्या माउलीची मी गाढवाशी तुलना करतो असे कोणी समजू नये. त्या गाडीत गाढव कोण होते हे वाचकांनी ओळखलेच असेल.)

परत आल्यावर आमच्या वीणेकरीबुवांना हे सांगितले. ते म्हणाले, "महाराज, हक्क तुमचाच होता. देहही देवाचाच, त्याला जपलेच पाहिजे." बुवांचे म्हणणे टाकाऊ नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी चार तास उभे राहून दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी खांद्यावर भार होणे, यात धर्म नाही. पण मी गुडघे पाहून बसलो नव्हतो. बसायचे ठरल्यावर गुडघे आठवले होते. दिंडीत माझी जागा मी धरलेली नसते. रथापुढच्या, रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला, दिंडीतला माझाही ठरलेला. तिथे मी चांगला वागतो की नुसता ओळीत चालतो, हे कळायला मार्गच नाही. ओळ सुटली आणि पहिल्याच स्टँडवर हातातून रुमाल गेला.

संगमावर स्नान झाले. काळेश्वराचे दर्शन झाले. परतताना सिरोंच्याच्या स्टँडवर रुमाल खिशातच ठेवला. जागा मिळाली नाही, दांडी धरून उभा राहिलो. आलापल्लीला समोरची एक जागा रिकामी झाली. आजूबाजूला पाहिले, कोणी म्हातारेकोतारे नव्हते, तरी मी मागे सरून थांबलो. एक तरणाताठा पोरगा आला, बसला आणि आष्टी येईपर्यंत घोरत होता.