लाईनवरचं वैर

गुरुवार, चिंचवड

चि. ओंकार,

‘मामा, लाईन बदलून मागू का?’ असं तू फोनवर विचारलंस. इतक्यात मागू नकोस.

तू म्हणतोस तो पहिल्या पाळीचा ऑपरेटर जाताना रिजेक्ट पार्ट ओके बिनमध्ये टाकून जातो, टॉर्क रेंचचं सेटिंग हलवून ठेवतो, सगळ्यांदेखत ‘ए डिप्लोमा’ म्हणून हाक मारतो आणि रीवर्क तुझ्या नावावर चढतं. राग येणारच. पण बोलण्याच्या ओघात तूच सांगितलंस की पुढच्या महिन्यात त्याचा ब्रेक आहे. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

तो कंत्राटी आहे. चाकण, भोसरी, तळवडे, कुठेही बघ, सहा-सात महिने झाले की अशा पोरांना घरी बसवण्याची पद्धत पडली आहे, कारण वर्षात 240 दिवस भरले की कायदा ती सलग नोकरी मानतो. पुन्हा बोलावणं येईलच याचा भरवसा नाही. अशा वेळी त्याच्याच स्टेशनवर तुला शिकायला उभं केलंय. तुझा हात बसला की आपली गरज संपली, एवढंच त्याला दिसत असणार. म्हणून त्याने तुला छळावं असं नाही. पण तुमच्या दोघांत भांडण लावणारी गोष्ट तुमच्या दोघांच्याही हातात नाही, हे ओळखून वाग.

आपल्या गावाने हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलंय. 1989 च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना उचललं. लढा व्यवस्थापनाविरुद्ध होता, पण तोवर कामगारच दोन संघटनांत वाटले गेले होते. गेटच्या आत जाणारे आणि बाहेर राहणारे एकमेकांचे वैरी झाले, मारामाऱ्यांपर्यंत गेलं. पगाराचा करार करता येतो. शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी तुटलेलं बोलणं कुठल्याच करारात भरून येत नाही. म्हणून सांगतो, चार पोरं गोळा करून त्याला गेटबाहेर गाठायचा विचार कोणी सुचवला तर तिथून सरळ निघून ये. तुझ्या बाजूने बोलणारे असले तरी ये.

आता कामाचं. पाळीच्या दहा मिनिटं आधी स्टेशनवर पोच. तो समोर असतानाच ओके बिन तपास, रिजेक्टचा आकडा हँडओव्हर रजिस्टरमध्ये लिही आणि त्याची सही घे. रेंच चेकरवर लावून रीडिंगही तिथेच नोंदव. हे रोज कर, त्याच्यावर संशय म्हणून नाही, पद्धत म्हणून. बरेचसे त्रास नोंद व्हायला लागली की आपोआप थांबतात, असा माझा अनुभव आहे. हाक मारण्याबद्दल लाईनवर बोलू नकोस. कँटीनमध्ये एकटा गाठ आणि सांग, ‘दादा, चूक झाली तर दाखवा, पण नावाने हाक मारा.’ एवढंच, पुढे वाद नको. जमलं तर त्याच्याकडून काम शीक आणि शिकतोयस हे त्याला कळू दे. त्या मशीनचं त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

हात उगारला, काही फेकून मारलं किंवा मशीनचं गार्ड काढून ठेवलं, तर मात्र समजूतदारपणा बाजूला ठेव. त्याच दिवशी सुपरवायझरला लेखी दे, तारीख, वेळ, कोण हजर होतं यासकट, आणि प्रत स्वतःकडे ठेव. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यातल्या कामगार प्रतिनिधीला भेट. तुमच्या लाईनवरच्या मुलींना कोणी घाणेरडं बोललं तर त्यांच्यासाठी 2013 च्या कायद्याने वेगळी अंतर्गत समिती आहे आणि तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, हेही त्यांना सांगून ठेव. पुष्कळजणींना हे माहीतच नसतं.

पुढच्या गुरुवारी सुट्टीला घरी ये. येताना रजिस्टरच्या पानांचे फोटो काढू नकोस, कंपनीत ते चालत नाही. आकडे वहीत उतरवून आण, आपण बसून बघू.

तुझा,
मामा