तीनदा म्हणजे कुणाचे तीनदा?

यंत्राशी बोलायचे तर भाषा निःसंदिग्धच हवी आणि लोजबान ही मुद्दाम रचलेली भाषा तशी आहे, हा दावा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत पुन्हा ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. जेम्स कुक ब्राऊन यांनी 1955 साली सुरू केलेल्या लॉगलानमधून 1987 साली लोजबान वेगळी झाली. तिच्या वाक्याची व्याकरणिक फोड एकाच प्रकारे होते, यात वाद नाही. पण फोड एक असली म्हणजे अर्थही एकच उरतो, हे कुणी सिद्ध केले?

‘प्रत्येकाने तीनदा एक पुस्तक वाचले’ हे वाक्य घ्या. पुस्तक सगळ्यांचे एकच, ज्याचे त्याचे वेगळे, की दर खेपेला नवे? मराठीत हे संदर्भ ठरवतो. लोजबानमध्ये क्रम ठरवतो: जो संख्यापक, म्हणजे ‘प्रत्येक’, ‘एक’ यांसारखा किती ते सांगणारा शब्द, आधी येतो, त्याची व्याप्ती मोठी. ‘रो प्रेनु शु शिरोइ त्शिदु पा शुक्ता’ (‘रो’ प्रत्येक, ‘शिरोइ’ तीनदा, ‘पा शुक्ता’ एक पुस्तक) म्हटले की आधी माणूस, मग तीन खेपा, मग पुस्तक. म्हणून दर खेपेला पुस्तक बदलू शकते. ‘पा शुक्ता’ क्रियापदाआधी आणले की प्रत्येकाचे एक पुस्तक ठरते आणि तेच तीनदा वाचले जाते. इथवर मी या भाषेच्या बाजूने आहे.

अडचण पुढे आहे. जॉन कोवन यांच्या 1997 च्या व्याकरणग्रंथात क्रियापदाला चिकटलेला नकार ‘ना’ क्रम जुमानत नाही, तो सगळ्या वाक्याला कवेत घेतो. ‘शिरोइ’ बसते तेही क्रियापदाला चिकटूनच. मग त्याने क्रमाचा नियम पाळायचा की ‘ना’चा? ‘ना’चा पाळला, तर प्रत्येकाने आपापल्या वेळी तीनदा वाचले हा अर्थ जातो आणि सगळ्यांनी मिळून वाचल्याचे तीन प्रसंग उरतात.

तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांचा 1967 चा क्रियावाक्यांवरचा निबंध मला इथे सोडवत नाही. मध्यरात्री न्हाणीघरात टोस्टला लोणी लावणारा त्यांचा जोन्स तत्त्वज्ञानात अजरामर झाला आहे. त्यांचे म्हणणे असे की क्रियापदाच्या पोटात एक घटना दडलेली असते, आणि ‘रात्री’, ‘न्हाणीघरात’ ही विशेषणे त्या घटनेची. हे मानले, तर ‘तीनदा’ ही घटनांची मोजदाद ठरते. मग ‘शिरोइ’ हाही एक संख्यापकच, ‘रो’ किंवा ‘पा’सारखा, आणि त्याला रांगेतली जागा मिळायलाच हवी. नकार काही मोजत नाही, म्हणून ‘ना’चा दाखला इथे गैरलागू आहे. सवय दाखवणाऱ्या ‘ताहे’ला मात्र मी या हिशेबात धरणार नाही. रोज फिरायला जाणारा माणूस एक दिवस चुकला म्हणून त्याची सवय मोडत नाही. ‘रोरोइ’, म्हणजे ‘सदैव’, मात्र एका अपवादाने खोटे पडते.

एवढा घोळ असेल तर निःसंदिग्धतेची भाषाच सोडावी, असे लिहिता लिहिता मलाही वाटू लागले होते. आता वाटत नाही. मराठीत हा घोळ संदर्भात विरून जातो आणि तो होता हेही कुणाच्या लक्षात येत नाही. लोजबानमध्ये तो एका शब्दाच्या जागेवर बोट ठेवून दाखवता येतो. शिवाय ‘शिरोइ कु’ असे स्वतंत्र पद करून ते वाक्यात हवे तिथे ठेवण्याची सोय भाषेतच आहे. निःसंदिग्धतेचा दावा करणाऱ्यांनी ‘तीनदा’ लिहिताना ही सोय न चुकता वापरावी. तोवर त्यांनी तो दावा वाक्याच्या फोडीपुरताच करावा.