जाहिरात हीसुद्धा साक्षच



कवठे येमाईत प्लॉट विकून देताना कमिशनच्या आशेने आपण पाणंदीला ‘डांबरी रस्ता’ म्हणतो, मंजुरीआधीच ‘एन.ए.’ सांगतो. त्या शब्दावर एखादे कुटुंब जन्माची पुंजी लावते.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांहून मोठ्या प्लॉटिंगची जाहिरात नोंदणीआधी करता येत नाही. खोट्या जाहिरातीने फसलेल्याला भरपाई मागता येते. २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे.

लहान तुकड्याला हा कायदा लागू नसेल. आठवी आज्ञा मात्र प्रत्येक गुंठ्याला लागू आहे. खोटी साक्ष काही कोर्टातच दिली जाते असे नाही.

म्हणून आधी कागद पाहू या, मगच बोलू या. चुकीचे सांगून बसलो असू, तर खरेदीखतापूर्वी गिऱ्हाइकाला खरे सांगू या. प्रभू आपल्याला ते धैर्य देवो.