दिवे मालवल्यानंतर

३१ मार्च २००७ च्या संध्याकाळी सिडनीतल्या लोकांनी साडेसात ते साडेआठ असा तासभर घरांतले, दुकानांतले, कचेऱ्यांतले दिवे बंद केले. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेनं हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी दिलेली ती हाक होती, नाव ‘अर्थ अवर’. त्याच वर्षी १५ डिसेंबरला मुंबईतल्या काही तरुणांनी ‘बत्ती बंद’ म्हणून असाच एक तास पाळण्याचं आवाहन केलं. पुढे ‘अर्थ अवर’ जगभर पसरला आणि २००९ पासून भारतही त्यात सामील झाला.

मला त्या २००७ च्या मुंबईचा विचार पुन्हा पुन्हा करावासा वाटतो. तेव्हा मुंबईबाहेरचा महाराष्ट्र भारनियमनानं पोळलेला होता. खेड्यापाड्यांत रोज तासन् तास वीज नसायची. पिकाला पाणी द्यायचं तर शेतकऱ्याला वीज येईल तेव्हा, मग ती अपरात्री का असेना, बांध तुडवत पंपापर्यंत जावं लागायचं. मुंबई मात्र भारनियमनातून वगळलेली. म्हणून मुंबईकरांचा तो अंधार खोटा ठरतो, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात बटण आहे त्यानंच ते आधी बंद करावं, हे न्यायाचंच आहे. प्रश्न आहे तो तास संपल्यावरचा.

एवढ्या दिव्यांनी खरंच काही फरक पडतो का? याचं उत्तर भारतानं एकदा आकड्यांत पाहिलं आहे. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन झालं. हेतू करोनाशी लढणाऱ्यांसोबत असल्याचं दाखवण्याचा होता, हवामानाशी त्याचा संबंध नव्हता. पण देशाची विजेची मागणी बघता बघता सुमारे ३१,००० मेगावॅटनं उतरली. आधीचा अंदाज याच्या निम्म्याहूनही कमी होता. ग्रिड सावरलं ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. पाण्याची चक्रं मिनिटांत मंद करता येतात, कोळशाच्या बॉयलरला तसं करता येत नाही. म्हणजे तासाभराच्या अंधारानं चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी थांबत नाहीत. ती थांबवायची तर मागणी रोज, ठरल्या वेळी, खात्रीनं कमी व्हायला हवी.

आणि ती वेळ संध्याकाळचीच आहे. दिवसा सौर वीज हाताशी असते. दिवेलागणीला ती संपते आणि भार पुन्हा कोळशावर येतो. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे ‘अर्थ अवर’ आता रात्री साडेआठला सुरू होतो, ती निवड निदान आपल्या देशात तरी अगदी बरोबर आहे.

फक्त आज दिव्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. इमारतीच्या जिन्याखाली मीटरांची रांग असते, तिथे एकदा उभं राहून पाहावं. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. पुष्कळ मीटरांवर ‘३२०० इम्पल्स’ असं छापलेलं असतं, म्हणजे तो इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरात ९ वॉटचा एकच एलईडी चालू असेल, तर त्या लाल ठिपक्याची दोन मिनिटं वाट पाहावी लागते. दीड किलोवॅटचा एसी पूर्ण जोरात चालू असेल, तर तो सेकंदाला एकाहून जास्त वेळा लुकलुकतो. ही तफावत डोळ्यांनी पाहिली की काय बंद करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळे तापतायत म्हणून एसी वाढतायत, त्यांच्यासाठी कोळसा जळतोय आणि उन्हाळे आणखी तापतायत. या फेऱ्यात सर्वांत जास्त होरपळतो तो एसी नसलेला माणूस.

घरातली काटकसर हवीच. पण वीज कशापासून बनवायची, हे घरातल्या बटणावर ठरत नाही. ते वीज खरेदीच्या करारांत आणि दरांच्या आदेशांत ठरतं, आणि तिथे नागरिकाला जागा आहे. वीज कायदा, २००३ नुसार दर ठरवण्याआधी नियामक आयोगानं लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी जाहीर सुनावण्या होतात. वीज कंपन्यांची आकडेवारी तिथे लोकांसमोर मांडली जाते आणि कुणीही सामान्य ग्राहक उठून प्रश्न विचारू शकतो. कोळशाची महाग वीज अजून का घेताय? दुपारची सौर वीज साठवून संध्याकाळी देण्याची तयारी कुठवर आली? शेतीला दिवसा वीज कधी? असे प्रश्न तिथे नोंदले जातात आणि आयोगाला त्यांची दखल घ्यावी लागते.

एकमेकांना न ओळखणारी माणसं ठरल्या क्षणी एक कृती करू शकतात, हे दिवे मालवून सिद्ध झालं आहे. ती ताकद वर्षातल्या एका शनिवारी वापरून ठेवून देण्यासारखी नाही. येत्या मार्चमध्ये ‘अर्थ अवर’ला दिवे जरूर बंद करा. आणि वीजदराच्या सुनावणीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिसली, की दिलेल्या मुदतीत आपली हरकत लेखी पाठवा. जमलं तर शेजाऱ्याला घेऊन सुनावणीला स्वतः जा.