नाकापेक्षा मोती जड

निर्ढावलेल्या माणसाला, त्यातही सरकारी माणसाला, 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण गेंड्याचा जीव जातो तो कातडीपायी नव्हे, नाकावरच्या शिंगापायी. नाकापेक्षा मोती जड ही म्हण इतकी अक्षरशः दुसऱ्या कोणाला लागू पडली असेल, असे आम्हांस वाटत नाही. हे शिंग हाडाचेही नसते. आपली नखे ज्या केरॅटिनची, त्याचेच ते असते. पूर्व आशियातील जुन्या वैद्यकाने त्याला औषध मानले आणि चोरबाजारात त्याला अफाट भाव आला.

२२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने काझीरंगाजवळ बोकाखात येथे अशी २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. आपोआप मेलेल्या गेंड्यांची आणि चोरांकडून जप्त केलेली ही शिंगे सरकारी खजिन्यांत वर्षानुवर्षे सांभाळली होती. कायद्याने हा व्यापार बंदच आहे. पण कायदा बदलता येतो. तेव्हा प्रश्न उरतो तो नीतीचा : मेलेला प्राणी परत येणार नसताना, शिंगे विकून वनरक्षकांची सोय केली असती तर काय बिघडले असते?

हा युक्तिवाद क्षुद्र नाही. परंतु वस्तूला किंमत आहे, याविषयी विकणारा आणि घेणारा यांचे एकमत असावेच लागते. सरकारने एक जरी शिंग विकले असते, तरी शिकाऱ्याचा हिशेब बरोबर होता, केवळ परवाना त्याच्यापाशी नव्हता, एवढेच सिद्ध झाले असते. त्या हिशेबाचा शेवट व्हिएतनामने पाहिला आहे. २०१० साली तेथील अखेरचा गेंडा मेलेला सापडला, तेव्हा त्याचे शिंग कापून नेलेले होते.

अर्थात नुसत्या आगीने गेंडा वाचत नाही. तो वाचतो पहाऱ्याने. विसाव्या शतकाच्या आरंभी काझीरंगात मोजकेच गेंडे उरले होते. २०२२ च्या गणनेत ते २,६१३ भरले, आणि त्या वर्षी आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. मात्र या पहाऱ्यात संशयित शिकारीही गोळीला बळी पडले आहेत, हे विसरून चालणार नाही. भाव देणारा दूर सुरक्षित असतो. रानात मरतात ते गेंडा आणि पैशासाठी बंदूक उचललेला माणूस. पहारा दोघांमध्ये उभा राहतो, पण भावाला हात लावू शकत नाही. ज्याने विकत घ्यायचे त्याने घेणे सोडल्याखेरीज तो भाव उतरणार नाही. आणि 'घेऊ नको' असे त्याला सांगण्याचा अधिकार, आमच्या मते, आपल्या खजिन्यातले न विकणाऱ्यालाच असतो.